ओल्या हेमंताचे दप्तर : प्रस्तावना

मृगापासून हस्तापर्यंत, आणि फार ताणले तर स्वातीपर्यंत, पावसाची मुदत आहे असे मनाशी धरून चालणाऱ्या महाराष्ट्रीय वाचकापुढे इंग्लंडातील ओल्या शरदांचा आणि ओल्या हिवाळ्यांचा वृत्तान्त ठेवणे हे थोडे धाडसाचे काम आहे, याची जाणीव ठेवूनच ही प्रस्तावना लिहीत आहे. आपल्याकडे दसऱ्याला शिलंगणास निघायचे ते नद्यांना उतार पडला, वाटा सुकल्या आणि रानात घोड्यांपुरता चारा उभा राहिला म्हणून. कार्तिकात आभाळ भरून आले तर खळ्यावरच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो खरा, पण तो पाऊस त्याच्या लेखी आगंतुकच असतो. इंग्लंडात पावसाला अशी नेमलेली मुदत नाही. अटलांटिक महासागरावरून एकामागून एक येणारी आवर्ते त्या बेटाला बाराही महिने कमी-अधिक भिजवीत असतात, आणि शरद व हेमंत या ऋतूंत त्यांचा जोर विशेष असतो. ज्या देशात पाऊस हा नित्याचाच, तेथे एखाद्या वर्षी 'असा कधी पडला नव्हता' असे म्हणायचे ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न तेथे कोणी ना कोणी शतकानुशतके विचारीत आला आहे; आणि त्याच्या उत्तराकरिता जे कागद साठत गेले, त्यांची हकीकत मला त्या पावसाहूनही काकणभर अधिक मनोवेधक वाटते.

प्रथम आकड्यांविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे, नाही तर कोकणातला वाचक पहिल्याच कोष्टकाशी हसून पुस्तक मिटील. इंग्लंड आणि वेल्स यांच्या सरासरी पर्जन्याची जी अखंड मासिक मालिका १७६६ सालापासून उपलब्ध आहे, तीत सर्वांत ओला म्हणून नोंदला गेलेला शरद २००० सालचा. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून सुमारे ५०३ मिलिमीटर. मुंबईचा एकटा जुलै महिना याहून अधिक पाऊस पाडतो, आणि २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझच्या वेधशाळेने एका अहोरात्रात ९४४ मिलिमीटरांची नोंद केली. मग तीन महिन्यांत पडलेल्या पाचशे मिलिमीटरांनी एका सधन देशाची दैना का उडावी? याचे उत्तर जमिनीकडे पाहिल्यावाचून मिळत नाही. लंडनच्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या मध्यास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून वीस अंशांच्या आसपासच चढतो, दिवस नऊ तासांच्या आत आटोपतो, आणि जमिनीतून वाफ होऊन जाणारे पाणी नगण्य होऊन बसते. उन्हाळ्यातल्या पावसाचा मोठा हिस्सा ऊन आणि झाडेझुडुपे मिळून आभाळाला परत करतात. शरदातला पाऊस प्रथम उन्हाने शोषलेल्या मातीची तूट भरून काढतो, आणि ती एकदा भरली की त्यानंतरचे सगळे पाणी एक तर ओढ्यानाल्यांतून नदीला मिळते, नाही तर खाली खडकात मुरत जाते. सप्टेंबर ओला गेला असेल तर नोव्हेंबरातला सामान्य पाऊसही पूर आणतो. चिकणमातीच्या प्रांतांत औत चालेनासे होते, आणि तेथला मुख्य गहू शरदातच पेरावयाचा असल्यामुळे पेरणीचा हंगामच हातचा जातो. आपण ज्याला ओला दुष्काळ म्हणतो तो तेथे असा सावकाश, कसलाही गडगडाट न करता, चिखलाच्या वाटेने येतो.

दक्षिण आणि पूर्व इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांत तर हा प्रकार आणखी विलक्षण आहे. खडूचा खडक सच्छिद्र. हिवाळाभर पाणी पिऊन तुडुंब भरला की जे ओढे वर्षानुवर्षे कोरडे पडलेले असतात ते एकाएकी वाहू लागतात, आणि पाऊस थांबून चार आठवडे झाले तरी तळघरांतून पाणी वर येत राहते. यॉर्कशायरमधील जिप्सी रेस या नावाच्या अशाच एका लहरी ओढ्याला लोकांनी दुःखाचे पाणी ठरविले होते. तो वाहिला की राज्यावर अरिष्ट येते, प्लेगच्या मोठ्या साथीपूर्वी तो असाच वाहिला होता, अशी त्या पंचक्रोशीत समजूत आहे. भूजलाच्या अभ्यासकाला या समजुतीत केवळ भाबडेपणा दिसणार नाही. लागोपाठ ओले हिवाळे गेले म्हणजेच तो ओढा वाहणार, आणि जुन्या काळी लागोपाठ ओले हिवाळे गेले म्हणजे धान्य महाग होणार व गुरेमेंढरे मरणार, हे दोन्ही खरेच होते. ओल्या कुरणांतील चिखलात वाढणाऱ्या एका चिमुकल्या गोगलगाईतून मेंढ्यांच्या यकृतात शिरणाऱ्या कृमीने १८७९ च्या अतिवृष्टीच्या वर्षानंतर सुमारे तीस लक्ष मेंढ्यांचा फडशा पाडला; त्या हानीमुळेच हा प्रश्न ऐरणीवर आला, आणि ऑक्सफर्डच्या टॉमस व लाइप्झिगच्या लॉइकार्ट या दोघांनी परस्परांहून स्वतंत्रपणे, १८८१ ते १८८३ या अवधीत, त्या कृमीचे जीवनचक्र उलगडले.

आता दप्तराकडे वळतो. पुढील प्रकरणांच्या मुळाशी माझी एकच धारणा आहे, ती येथेच सांगून टाकलेली बरी: अमुक ऋतू सर्वांत ओला होता हे विधान जितके आभाळाविषयी असते तितकेच ते कागदाविषयी असते. कागद जेथून सुरू होतो तेथून पुढचाच पाऊस तुलनेस सापडतो. तो कोणी लिहिला, कोणत्या हेतूने लिहिला, भांडे कोठे मांडून मोजला, यावर पावसाचे माप बदलते. वर्तमानपत्रांतून दर दोन-चार वर्षांनी जी उच्चांकांची आरोळी उठते तिच्याकडे पाहताना मी प्रथम हेच विचारतो, की हे दप्तर किती सालांचे आहे.

त्या देशातील सर्वांत जुने उपयुक्त कागद हवामानाचे नाहीतच. ते जमाखर्चाचे आहेत. विंचेस्टरच्या बिशपची जहागीर दक्षिण इंग्लंडभर पसरलेली होती, आणि तिच्या गावोगावच्या हिशेबांच्या चर्मपत्री गुंडाळ्या १२०८-०९ या सालापासून पुढे, अधूनमधून खंड पडत, पण थक्क व्हावे इतक्या सातत्याने शिल्लक राहिल्या आहेत. हे हिशेबी वर्ष २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणाला संपत असे, म्हणजे आपल्या फसली सालासारखेच ते पिकाच्या फेऱ्यावर बेतलेले होते. वसुलात तूट आली की गावच्या कारभाऱ्याला सबब लिहावी लागे: कुरण पाण्याखाली राहिले म्हणून गवत कापले नाही, पुरामुळे गिरणी बंद होती म्हणून तिचे उत्पन्न नाही, जमीन ओली म्हणून नांगरणीला उशीर. या सबबी एकेक वेचून जे. झेड. टिटो या इतिहासकाराने १९६० साली १२०९ ते १३५० पर्यंतच्या हवामानाचा एक सालवार तक्ता प्रसिद्ध केला, आणि जमाबंदीच्या कागदांतून पाऊस कसा वाचावा याचा तो एक वस्तुपाठच ठरला. पेशवाईतील आमच्याकडच्या कागदांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात अनोळखी असे काही वाटणार नाही. अतिवृष्टीने पीक बुडाले, सबब सूट मिळावी, हा अर्ज करणारा पाटील आणि विंचेस्टरचा तो कारभारी हे एकाच जातकुळीचे लेखक आहेत. दोघांनाही ओल जरा वाढवून सांगण्यात फायदा होता, आणि दोघांच्याही वरचा अंमलदार ते ओळखून होता. म्हणून एका गावच्या सबबीवर विसंबता येत नाही. तीस गावांचे कारभारी एकाच वर्षी एकच रड गातात तेव्हा मात्र ती मानावी लागते. १३१५ च्या उन्हाळ्यात पाऊस थांबलाच नाही, शरदातली पेरणी चिखलात झाली, पुढच्या वर्षीही तेच घडले आणि उत्तर युरोपभर महादुर्भिक्ष पडले, त्या वर्षांविषयी या गुंडाळ्या ज्या एकमुखाने बोलतात ती एकवाक्यता बनावट असू शकत नाही.

केवळ हवामानासाठी हवामान लिहिणारा पहिला ज्ञात मनुष्य यानंतर लौकरच आढळतो. विल्यम मर्ल हा लिंकनशायरमधील ड्रायबी गावचा धर्मगुरू. १३३७ च्या जानेवारीपासून १३४४ च्या जानेवारीपर्यंत सात वर्षे त्याने ऑक्सफर्ड आणि लिंकनशायर येथील हवेची रोजनिशी ठेवली. त्याच्याजवळ कसलेही उपकरण नव्हते. वारा, दव, पाऊस, गारठा यांची तो आपल्या इंद्रियांच्या साक्षीने नोंद करी, आणि ती पोथी ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयात आजही सुखरूप आहे. मर्लचे नाव येथे घेण्याचे आणखी एक कारण आहे: साडेपाचशे वर्षांनी, १८९१ साली, ज्या गृहस्थाने ती पोथी हुबेहूब छापून काढली तो या प्रस्तावनेचा खरा नायक होय. पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी भांड्याची गोष्ट सांगितली पाहिजे.

पाऊस भांड्यात धरून, तोलून, सातत्याने लिहून ठेवणारा इंग्लंडातील पहिला माणूस म्हणजे लँकशायरमधील बर्नली गावाजवळच्या टाउनली हॉलचा मालक रिचर्ड टाउनली. १६७७ च्या जानेवारीत त्याने आपल्या वाड्याच्या छपरावर बारा इंच व्यासाचे एक नाळके बसविले, त्याला शिशाची नळी जोडली आणि ती थेट आपल्या खोलीपर्यंत आणली, म्हणजे थंडीपावसात बाहेर न पडता माप घेता यावे. ही व्यवस्था वाचून मला नेहमी गंमत वाटते. ज्याला पंचवीसेक वर्षे रोज एक काम करायचे आहे त्याने आपल्या आळसाचा आगाऊ बंदोबस्त केला पाहिजे, हे या सरदाराला पुरते कळले होते. त्याच्या नोंदी १७०४ पर्यंत जातात, आणि पॅरिसपेक्षा लँकशायरमध्ये दुपटीच्या आसपास पाऊस पडतो हे त्याने आकड्यांनी दाखवून दिले. परंतु त्याची ती सोय पुढच्या अभ्यासकांना गैरसोयीची झाली, कारण छपरावरचे भांडे खोटे बोलते.

हे सिद्ध झाले ते ज्या वर्षापासून आपली अखंड मालिका सुरू होते त्याच वर्षी, हा एक सुंदर योगायोग. विल्यम हेबर्डन या लंडनच्या नामांकित वैद्याने १७६६-६७ मध्ये तीन सारखी भांडी घेऊन एक जमिनीलगत, दुसरे घराच्या छपरावर आणि तिसरे वेस्टमिन्स्टर ॲबीच्या माथ्यावर ठेविले. वर्षअखेर जमिनीलगतच्या भांड्यात २२.६ इंच, छपरावरच्यात १८.१ इंच आणि ॲबीच्या माथ्यावर अवघे १२.१ इंच पाणी भरले. एकाच शहरात, एकाच आभाळाखाली, उंची बदलताच पाऊस जवळजवळ निम्मा झाला! थेंब खाली येताना वाढत जातो की काय, अशा तर्कवितर्कांत विद्वानांची बरीच वर्षे गेली. पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून कीर्तीस चढलेल्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६१ साली कारण सांगितले ते साधेच होते: उंचावर वारा जोराचा, तो भांड्याच्या काठावर आपटून वर उसळतो आणि थेंबांना भांड्याबाहेर भिरकावतो. प्रस्तुत विषयाशी याचा संबंध असा, की इंग्लंडात वारा जोराचा असतो तो शरदात आणि हिवाळ्यात. म्हणजे नेमक्या ज्या ऋतूंची आपण चौकशी करीत आहोत त्यांच्याच बाबतीत जुनी छपरावरची भांडी अधिक फसवितात, आणि पाऊस नसून बर्फ पडत असेल तर त्याहूनही अधिक.

अठराव्या शतकातील इतर हौशी निरीक्षकांना मी येथे ओझरता नमस्कार करून पुढे जातो. रटलंडमधील लिंडनचा टॉमस बार्कर याने १७३६ पासून साठएक वर्षे नोंदी ठेविल्या. सेल्बोर्नचा निसर्गवेत्ता गिल्बर्ट व्हाइट हा त्याचा मेहुणा.

आता मर्लची पोथी छापणाऱ्या त्या नायकाकडे येतो. जॉर्ज जेम्स सायमन्स हा १८३८ साली जन्मला आणि १९०० साली वारला. १८५० नंतरच्या दशकात कोरडी वर्षे पडली, शहरांच्या पाणीपुरवठ्याची चिंता उत्पन्न झाली, आणि देशात नेमका पाऊस पडतो किती हे सरकारला ठाऊक नाही असे या तरुणाच्या ध्यानात आले. १८६० चा पर्जन्य म्हणून त्याने पहिले पत्रक काढले त्यात १६८ ठिकाणांची नोंद होती. मृत्युसमयी त्याच्या हाताखालच्या निरीक्षकांची संख्या तीन हजारांवर गेली होती. हाताखालच्या असे म्हटले खरे, पण त्यांपैकी बहुतेकांना कसला तनखा नव्हता. धर्मगुरू, डॉक्टर, शाळामास्तर, जमीनदारांचे माळी, घरंदाज स्त्रिया, कालव्यांचे आणि जलाशयांचे कारकून अशी ही फौज रोज सकाळी नऊ वाजता बागेत जाऊन भांडे पाही आणि महिनाअखेर लंडनच्या कॅम्डन स्क्वेअरमधील सायमन्सच्या घरी टपाल पाठवी, जेथे त्याचे स्वतःचे भांडे १८५८ पासून त्याच्या अंतापर्यंत अव्याहत भरत होते. या माणसाचा मोठेपणा त्याच्या टपालखर्चात आहे असे मी म्हणेन. भांड्याचा व्यास किती, काठ जमिनीपासून किती उंच, जवळ भिंत किंवा झाड आहे काय, याविषयी तो शेकडो लोकांशी पत्रव्यवहार करी, स्वतः प्रवास करून भांडी तपाशी, आणि विल्टशायरमध्ये काल्न येथे कर्नल वॉर्ड व हँपशायरमध्ये स्ट्रॅटफील्ड टर्जिस येथे रेव्हरंड ग्रिफिथ यांच्याकडून निरनिराळ्या मापांची, निरनिराळ्या उंचींची भांडी शेजारी शेजारी मांडून त्याने वर्षानुवर्षे प्रयोग करविले. जमिनीपासून एक फूट उंचीवर काठ ठेवण्याचा इंग्रजी दंडक या खटाटोपातून पक्का झाला. हिंदुस्थानातील जुन्या मामलेदार कचेऱ्यांच्या आवारात, काटेरी कुंपणाच्या आत, सिमेंटच्या ओट्यावर जे पाच इंच तोंडाचे पर्जन्यमापक असे त्याला आपल्या इंजिनियरिंगच्या पुस्तकांत सायमन्सचेच नाव आहे. ज्या पट्टेवाल्याने सकाळी उठून त्यातले पाणी मोजून रजिस्टरात चढविले, त्याला आपण कॅम्डन स्क्वेअरच्या त्या गृहस्थाच्या परंपरेत आहोत हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ओल्या शरदांत १८५२ चा शरद मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. १४ सप्टेंबर १८५२ रोजी ड्यूक ऑफ वेलिंग्टन निवर्तला आणि १८ नोव्हेंबरला लंडनच्या सेंट पॉल देवालयात त्याची सरकारी इतमामाने अंत्यक्रिया झाली. त्या महिन्यात दक्षिण इंग्लंडात पाऊस असा कोसळत होता, की बारा घोड्यांनी ओढलेली, अठरा टन वजनाची ती अवाढव्य अंत्ययात्रेची गाडी राजमार्गावर रुतून बसली. टेम्सच्या खोऱ्यात जो पूर आला त्याला ड्यूकचाच पूर असे नाव पडले. हा ड्यूक म्हणजे आपला असईचा आर्थर वेलस्ली. १८०१ साली श्रीरंगपट्टणहून लिहिलेल्या एका टिपणात मराठ्यांच्या मुलखात मोहीम करायची तर ती नद्या भरलेल्या असताना करावी असा सल्ला त्याने दिला होता. मराठ्यांचे बळ घोडदळाच्या चपळाईत. नद्या दुथडी भरल्या की ती चपळाई अडकून पडते, आणि ज्याच्याजवळ नावांचा सरंजाम आहे तोच सवडीने हालचाल करू शकतो, असा त्याचा हिशेब. दोन वर्षांनी ऐन पावसाळ्यात त्याने अहमदनगर घेतले, टोपलीच्या नावांनी गोदावरी उतरली, आणि २३ सप्टेंबरला केळणा व जुई यांच्या दुआबात तो लढला. पावसाला शस्त्र करून दक्षिणेत नाव मिळविलेल्या या सेनापतीच्या नावाने इंग्लंडात एक पूरच ओळखला जावा, यात नियतीची काही योजना आहे असे मी म्हणणार नाही. पण इतिहासलेखकाने असे योगायोग टिपून ठेवावेत असे मला वाटते. १८५२ चा शरद इंग्लंड-वेल्सच्या मालिकेत २००० सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे, अग्रस्थानी राहिला.

मधल्या काळातील ऋतूंवर मी फार रेंगाळत नाही, कारण त्यांच्याविषयीची प्रकरणे स्वतःच पुरेशी बोलकी आहेत. १८७२ हे त्या मालिकेतील सर्वांत ओले पंचांगवर्ष, सुमारे १२८५ मिलिमीटरांचे. १९०३ चा ऑक्टोबर हा तीतला सर्वांत ओला महिना, सुमारे २१८ मिलिमीटरांचा. मात्र १९१४-१५ च्या हिवाळ्यापाशी थांबले पाहिजे. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये ४२३ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तीच आवर्ते खाडी ओलांडून फ्लँडर्सच्या सपाट चिकणमातीवर उतरली, जेथे दोन्ही सैन्ये नुकतेच खंदक खणून बसली होती. तेथे हिंदी फौज होती, आणि तिच्यात आमच्या खडकीच्या छावणीतून गेलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेलच्या हल्ल्यात या सुरुंगवाल्यांना पायदळासारखे पुढे घातले गेले आणि त्यांचे अतोनात नुकसान झाले. उरलेल्यांनी पुढचा हिवाळा जेथे हातभर खणले की पाणी लागते अशा जमिनीत बंदिस्ती करण्यात घालविला. दख्खनच्या मुरमाची सवय असलेल्या माणसांच्या हाती ती जमीन आली होती. त्या पावसाचे माप इंग्लंडच्या तक्त्यांत आहे; पण त्याचा खरा वृत्तान्त पलटणींच्या रोजनिश्यांतून, आजाऱ्यांच्या आकड्यांतून आणि सुजलेल्या पायांच्या वैद्यकीय कैफियतींतून शोधावा लागतो. त्याच हिवाळ्यात तोफांच्या धडाक्याने पाऊस पडतो ही समजूत इंग्लंडात इतकी बळावली की हवामानशास्त्रज्ञांना तिचे निरसन करीत बसावे लागले. १९१५ चा हा उच्चांक मोडला तो २०१३-१४ च्या हिवाळ्यात, जेव्हा सॉमरसेटचा सखल मुलूख आठवडेच्या आठवडे सरोवर होऊन राहिला, डॉलिश येथील समुद्रकाठचा लोहमार्ग ४ फेब्रुवारीच्या रात्री वाहून गेला, आणि लंडनच्या रक्षणार्थ टेम्सवर बांधलेले दरवाजे एका मोसमात पन्नास वेळा मिटावे लागले.

हवा तापत चालली आहे, तापलेली हवा अधिक बाष्प धारण करते, तेव्हा ओले शरद आणि ओले हिवाळे वाढणार, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे, आणि त्या सिद्धान्ताविषयी माझी तक्रार नाही. २००० च्या शरदात यॉर्क शहरात ऊझ नदी सुमारे ५.४ मीटरांवर गेली, सतराव्या शतकानंतर तिने हे पाहिले नव्हते. त्या शरदाविषयी हजारो नागरिकांच्या घरगुती संगणकांवर हिशेब करवून घेऊन २०११ साली शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला, की मानवी कारणांनी अशा पुराचा संभव बहुतेक मांडणींत वीस टक्क्यांहून अधिक, आणि तिनांपैकी दोन मांडणींत नव्वद टक्क्यांहून अधिक वाढला होता. ही पद्धत रास्त आहे. कारण ती दोन हवामानांची तुलना करते, दोन कागदांची नव्हे. परंतु त्याच उत्साहात जेव्हा १७६६ पासूनची मालिका उघडून हिवाळे अडीचशे वर्षे एकसारखे ओले होत आले आहेत असे दाखविले जाते, तेव्हा हेबर्डनची तीन भांडी आठवली पाहिजेत. कॉनर मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवून दिले, की १८७० पूर्वीच्या हिवाळ्यांचे आकडे कमी भरतात याचे एक मोठे कारण म्हणजे जुन्या भांड्यांनी बर्फ नीट धरले नाही. सायमन्सने भांडी सरळ केली आणि तेव्हापासून हिवाळे ओले दिसू लागले, असा हा प्रकार. यावरून हवामान बदलले नाही असा अर्थ काढणारे वकील भेटतात. त्यांना माझी विनंती एवढीच, की कच्च्या कागदाच्या आधाराने दोन्हीपैकी कोणताच पक्ष लढवू नये.

आणि कागद अद्याप संपलेला नाही. सायमन्सने व त्याच्या वारसांनी देशभरचे जुने-नवे आकडे दहा-दहा वर्षांच्या तक्त्यांवर उतरून घेतले होते. १६७७ ते १९६० पर्यंतचे असे सुमारे पासष्ट हजार तक्ते सरकारी दप्तरखान्यात पडून होते. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सारा देश घरात कोंडला गेला असता रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी त्या तक्त्यांची छायाचित्रे लोकांपुढे ठेविली, आणि सोळा हजार स्वयंसेवकांनी सोळा दिवसांत पन्नास लाखांहून अधिक आकडे नकलून दिले. सायमन्सच्या बिनपगारी फौजेचा दुसरा जन्मच तो. दोन वर्षांनी तपासून हे आकडे सरकारी मालिकांत समाविष्ट झाले तेव्हा त्या मालिकांचा आरंभ १८३६ पर्यंत मागे गेला, आणि दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागात सर्वांत ओल्या महिन्याचा मान १८५२ च्या नोव्हेंबराकडे, ड्यूकच्या त्या पुराकडे, आला. पाऊस तोच होता. दप्तर लांबले.

शेवटी कालगणनेविषयी एक सूचना, कारण तिच्यावाचून पुढील कोष्टके वाचताना घोटाळा होईल. हवामानशास्त्राचा हिवाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि त्याला साल द्यायचे ते जानेवारीचे. म्हणून कोष्टकांत १९१५ चा हिवाळा म्हणजे १९१४ च्या डिसेंबरात सुरू झालेला. इंग्लंडाने नवे पंचांग १७५२ साली स्वीकारले. त्यापूर्वीच्या तारखा आजच्या गणनेहून अकरा दिवसांनी, आणि १७०० पूर्वीच्या दहा दिवसांनी, मागे आहेत. डॅनियल डीफोने ज्यावर पुस्तक लिहिले ते महावादळ जुन्या कागदांत २६ नोव्हेंबर १७०३ चे, म्हणजे शरदातले आहे. नव्या गणनेने ते ७ डिसेंबरला, हिवाळ्यात पडते. शिवाय तेथील कायदेशीर वर्ष २५ मार्चला उजाडत असे. वेल्समधील गोल्डक्लिफच्या देवळातील पितळी पाटीवर १६०६ च्या जानेवारीतील महापुराचे स्मरण कोरलेले आहे, तो पूर आपल्या हिशेबाने १६०७ चा. कोष्टकांत मी सर्वत्र नवी गणना घेतली आहे, आणि मूळ कागदातली तारीख तिच्याखाली बारीक अक्षरांत दिली आहे. दोहोंत तफावत दिसली तर बारीक अक्षरांवर विश्वास ठेवावा.